मग लग्न कशाला?

आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. दोंडाईचाकडून आलात की तापीवरचा पूल ओलांडायचा, समोर गावच. एकमुखी दत्ताचं मंदिर आहे, पण बाहेर गावाचं नाव झालंय ते घोडेबाजारामुळे. हल्ली त्याला चेतक फेस्टिव्हल म्हणतात. (आम्हा गाववाल्यांच्या तोंडात ते नाव अजून बसत नाही. आमच्यासाठी ती जत्राच.)

मागच्या मार्गशीर्षात गेलो तेव्हा टीममधला एक मित्र बरोबर आला. वसईचा आहे. कुपारी समाजातला कॅथलिक, घरी कादोडी बोलतो, ऑफिसात आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो आणि घोडा त्याने आयुष्यात फक्त चौपाटीवर पाहिलेला. पुण्याहून रात्रीची गाडी पकडली. पहाटे दोंडाईचा ओलांडेपर्यंत तो झोपला होता आणि मी जागा होतो. कारण तो घोडे बघायला चालला होता आणि मी घरच्यांना एक गोष्ट सांगायला.

ती गोष्ट अशी. (तिला विचारून लिहितोय. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.)

मला एक मुलगी आवडते. ऑफिसातली नाही, एका मित्राच्या बहिणीची मैत्रीण. दुसऱ्याच भेटीत, समोरची कॉफी अर्धी व्हायच्या आत, तिने सांगून टाकलं की एकोणिसाव्या वर्षी तिला कॅन्सर झाला होता. केमो झाली, ओटीपोटावर रेडिएशन झालं. त्यातून ती बरी झाली, दर वर्षी तपासणी करते, सगळं छान आहे. पण मूल होणार नाही. "होणार नाही म्हणजे होणार नाही. कमी शक्यता वगैरे नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलंय. तुला उठून जायचं असेल तर जा, बिल मी देते."

मी उठलो नाही. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला काय वाटलं तेही नीट आठवत नाही. पुढच्या चार-पाच महिन्यांत मात्र कळत गेलं की मला हिच्याशीच लग्न करायचंय. दत्तक वगैरे विषय मी फार उत्साहाने काढला तेव्हा तिने मला थांबवलं. म्हणाली, "दत्तक घेऊ किंवा नाही घेऊ, तो पुढचा प्रश्न. मला आधी एवढं सांग, समजा कधीच कोणी आलं नाही, आपण दोघंच राहिलो, तर तुझ्या मते ते पूर्ण लग्न असेल की तडजोड?"

मी लगेच "पूर्ण" म्हणालो. इतक्या पटकन की तिला ते पटलं नाही. मलाही नाही.

असो. जत्रेत आलो.

आप्पांना घोड्यांतलं कळतं. आमच्याकडे आता घोडा नाही, आजोबांच्या वेळी होता, पण बाजारात आप्पा अजून असे फिरतात की व्यापारी त्यांना चहा पाजतात. माझ्या वसईकराला त्यांनी पूर्ण सकाळ शिकवलं. दात बघून वय कसं सांगतात, मारवाडी घोड्याचे कान कसे आत वळून टोकांना टेकतात, काठियावाडी कसा ओळखायचा, गळ्याखालचा देवमण म्हणजे काय आणि त्यावरून भाव कसा चढतो. तो वहीत लिहून घेत होता.

मग एका घोडीचा सौदा चाललेला. काळीभोर, पायांना पांढरे मोजे, चाल तर अशी की गर्दी आपोआप बाजूला होत होती. घेणाऱ्याने विचारलं, शिंगरं किती दिली. व्यापारी दुसरंच बोलायला लागला. पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "भाऊ, चाल बघा ना." झालं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. आप्पा आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाकड आहे." आणि भाव तिथल्या तिथे पडला.

खरं तर भाकड हा गाई-म्हशींचा शब्द. पण आमच्याकडे तो कुणालाही लावतात.

घोडीची आणि माणसाची तुलना करतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटली होती. पण त्याच संध्याकाळी ती मी नाही, दुसऱ्यानेच केली.

दत्तजन्माचा पाळणा झाल्यावर जेवणं झाली आणि मी घरात विषय काढला. आप्पा, माय आणि जत्रेला आलेली फुई (म्हणजे आत्या). मी सगळं सांगितलं. तिचं शिक्षण, नोकरी, घर, आजार, आणि मूल होणार नाही हेही. लपवायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. आप्पा काहीच बोलले नाहीत. माय पदराच्या टोकाशी खेळत बसली. फुई म्हणाली, "मंग लगीन कसाले?"

नंतर ती बरंच बोलली, त्यात तो सकाळचा शब्दही आला. पण माझ्या डोक्यात पहिलं वाक्यच राहिलं. मंग लगीन कसाले. रागाने नव्हतं म्हटलं हो तिने. तिला खरंच प्रश्न पडला होता. गाडी घ्यायची आणि पेट्रोल मिळणार नाही म्हणे, तर गाडी कशाला?

त्या रात्री मी आणि मित्र गच्चीवर झोपलो. थंडी मरणाची. खाली जत्रेतल्या पाळण्यांचे भोंगे चालूच. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गंमत बघ. तुझ्या फुईचा प्रश्न आमच्या लग्नाच्या शिबिरात फादरना एकाने विचारला होता."

कॅथलिक लोकांत लग्नाआधी पॅरिशचं शिबिर करावं लागतं, तसं त्याचंही झालं होतं. फादरनी तिथे दोन गोष्टी सांगितल्या. एक, नवराबायकोचं शरीराने जवळ येणं याला दोन अर्थ आहेत, दोघांनी एक होणं आणि नव्या जीवाला वाट ठेवणं. दोन, आपण होऊन यातला एक अर्थ तोडायचा नाही, म्हणून चर्चला गर्भनिरोधक साधनं चालत नाहीत. त्यावर कोपऱ्यातला एक जण म्हणाला, फादर, मग ज्यांना मूल होऊच शकत नाही, किंवा बायकोची पाळी गेली, त्यांनी काय भाऊबहिणीसारखं राहायचं?

फादर म्हणाले म्हणे, अजिबात नाही. वाट तुम्ही बंद केलेली नाही. तुमचं एक होणं तेवढंच पूर्ण आहे, तेवढंच पवित्र आहे, अगदी सत्तरीतसुद्धा.

"आणि माझ्या मावशीच्या दिराचं लग्न तर मी स्वतः पाहिलंय," मित्र म्हणाला. "चौसष्ट वर्षांचा विधुर आणि एकोणसाठची विधवा. चर्चमध्ये, बँडबाजा लावून. मुलं होणार का म्हणून कोणी विचारलं नाही. विचारणार काय?"

मला हे खोटंच वाटलं. माझ्या डोक्यात कॅथलिक चर्च म्हणजे ‘मूल, मूल आणि अजून मूल’. जे चर्च निरोधला नाही म्हणतं तेच चर्च मूल होणं अशक्य असलेल्या जोडप्याला हो कसं म्हणेल? मला हे कोडमधल्या विसंगतीसारखं दिसलं आणि पुण्याला परत आल्यावर मी ते खणून काढायला बसलो. कुणाला सिनेमे असतात, मला हे.

तर सापडलं ते असं. चर्चचा सध्याचा कायदा १९८३ चा आहे. त्यातल्या १०८४ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की वंध्यत्वामुळे लग्नाला मनाई होत नाही आणि झालेलं लग्न रद्दही ठरत नाही. फक्त एक अट: फसवायचं नाही. लग्न जुळावं म्हणून ही गोष्ट मुद्दाम दडवली तर मात्र लग्न बाद होऊ शकतं. हे वाचताना मला ती अर्धी कॉफी आठवली. तिने कुठलं कलम वाचलं नव्हतं, पण नेमकं तेच केलं होतं.

१९६८ च्या जुलैत सहाव्या पॉल पोपनी ‘ह्युमाने व्हिते’ हे प्रसिद्ध पत्र काढलं. गर्भनिरोधक गोळ्यांना नाही म्हणणारं, जगभर ज्यावरून गदारोळ झाला तेच. ते दोन अर्थांचं सूत्र त्यातलंच. लोकांना त्यातला नकार तेवढा माहीत असतो. त्याच पत्राच्या अकराव्या परिच्छेदात आहे की पतिपत्नीच्या इच्छेबाहेरच्या कारणांनी मूल होणार नाही हे आधीच माहीत असलं तरी त्यांचा संबंध योग्यच राहतो, कारण त्यातून एकमेकांशी जोडलं जाणं व्यक्त होतं. हे पॉलनी नवीन काढलं असंही नाही. अँग्लिकन बिशपांनी १९३० मध्ये गर्भनिरोधनाला मर्यादित परवानगी दिली, त्यावर अकराव्या पायस पोपनी त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला उत्तर दिलं. उत्तर कडक होतं. पण त्या कडक उत्तरातही वयामुळे किंवा शरीरातल्या दोषामुळे ज्यांना मूल होऊ शकत नाही ते निसर्गाविरुद्ध वागतात असं समजू नये, हे होतंच. पुढे १९५१ मध्ये बाराव्या पायसनी इटलीतल्या सुइणींपुढे भाषण केलं (सुइणींपुढे! मला हे फार आवडलं) आणि सांगितलं की नवराबायकोने त्यातल्या सुखाचा आनंद घेण्यात काही वावगं नाही, ते सुख देवानेच ठेवलंय.

हे सगळं पहिल्यापासून असंच गोड होतं असं नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने लग्नाच्या चांगुलपणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात म्हाताऱ्या, निपुत्रिक जोडप्यांचं लग्नही लग्नच आहे, कारण त्यात सोबत आहे, हे तो मान्य करतो. पण मुलाच्या हेतूशिवायच्या संबंधाला तो छोटंसं का होईना पापच धरतो आणि म्हाताऱ्यांनी जितक्या लवकर आवरतं घ्यावं तितकं बरं म्हणतो. म्हणजे सोबत चालेल, शेज नको. १९१७ च्या कायद्यातही लग्नाचा पहिला उद्देश मूल आणि त्याचं संगोपन, नवराबायकोचा एकमेकांना आधार दुसऱ्या नंबरवर. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहिलं की लग्न काही निव्वळ प्रजोत्पादनासाठी स्थापन झालेलं नाही, मूल नसलं तरी ते आयुष्यभराची सोबत म्हणून टिकतं, त्याची किंमत टिकते. १९८३ च्या कायद्यात तर पहिला-दुसरा नंबर गेलाच. आता तिथे दोघांचं भलं आणि मुलं हे शेजारी शेजारी आहेत.

मला विसंगती वाटत होती तिचं काय? मी मित्राला चहाच्या टपरीवर म्हणालो, अरे, पाळी गेलेली बाई आणि गोळी घेतलेली बाई, आऊटपुट सेम. तो म्हणाला, आउटपुट सेम, पण एकीत फंक्शन तसंच आहे आणि दुसरीत कोणीतरी कमेंट करून ठेवलंय. :) चर्च परिणाम बघत नाही, तुम्ही काय केलंत ते बघतं. दार मुळातच भिंतीला लागलेलं असणं वेगळं आणि आपण कडी घालणं वेगळं.

मला कडी घालण्यात पाप दिसत नाही, अजूनही नाही. पाळी मोजून ‘सुरक्षित’ दिवस पाळायला चर्च परवानगी देतं आणि गोळीला देत नाही, हे तर मला कधीच गिळलं जाणार नाही. आणि त्याच १०८४ व्या कलमाच्या पहिल्या भागात आणखी एक गोष्ट आहे जी मला टोचते. मूल होण्याची अट नाही, पण संबंध करता येण्याची आहे. अपघातात कमरेखालचं सगळं गेलेल्या माणसाला ते कायमचंच आहे असं ठरलं, तर चर्चमध्ये लग्न करता येत नाही. आमच्या फुईची अट वेगळी, यांची वेगळी. पण अट आहेच.

मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. नियम त्यांनी पार शेवटच्या केसपर्यंत तपासलेत. नसबंदी झालेल्या पुरुषाचं काय, हा प्रश्न चारशे वर्षं लोंबकळत होता. १५८७ मध्ये पाचव्या सिक्स्टस पोपनी वृषण गमावलेल्या पुरुषांची लग्नं अवैध ठरवली होती, त्यावरून पुढे वाद. शेवटी मे १९७७ मध्ये रोमने निकाल दिला की वीर्यात बीज असलंच पाहिजे अशी अट नाही, असा पुरुष लग्न करू शकतो. १९७७! म्हणजे आपल्याकडे आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचा धुरळा खाली बसत होता तेव्हाच. रोमच्या डोळ्यासमोर आपण नव्हतो, पण तारीख बघून मी थबकलो खरा.

आणि मग अगदी अलीकडचं, डिसेंबर २०१८ चं. गर्भाशय इतकं खराब झालंय की त्यात मूल वाढूच शकणार नाही असं तज्ज्ञांनी पक्कं सांगितलं, तर ते काढणं म्हणजे नसबंदी होते का? रोम म्हणालं, नाही. मूल होऊच शकत नव्हतं, तर मूल रोखलं असं म्हणता येणार नाही. हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला. कारण मला माय आठवली.

दोन वर्षांपूर्वी मायची पिशवी काढली. आमच्याकडे असंच म्हणतात, पिशवी काढली. भाजी आणायची पिशवी असावी तसं. गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, तिला खरंच गरज होती. सगळ्यांना नसते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, दोन मुलं झालीत, मग काढून टाका. जणू तिचं काम संपलं. फुईचा प्रश्न तिथे डॉक्टरपर्यंत आणि मुकादमापर्यंत पोचला होता, एवढाच फरक. मुलं झाली, मग पिशवी कशाला?

मायच्या ऑपरेशननंतर भेटायला आलेल्या बायका "सुटलीस बाई" म्हणायच्या. आणि आप्पांनी आपली खाट ओट्यावर टाकली. सुरुवातीला टाके होते म्हणून. मग उन्हाळा होता म्हणून. नंतर कोणी कारण विचारलं नाही. मीही नाही. मला ते दिसलंच नव्हतं, खरं तर. गावात पन्नाशीचा माणूस ओट्यावर झोपतो हे इतकं साहजिक आहे की ते खाटेसारखंच घरातलं सामान वाटतं. सून यायच्या आत तर खाटा वेगळ्या झाल्याच पाहिजेत, नाहीतर लोक हसतात.

आपलं हे कुठून आलं तेही मग बघितलं. मनुस्मृतीत सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे की अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले, नातवाचं तोंड बघितलं की गृहस्थाने रान धरावं. नवव्या अध्यायात वांझ बायको आठव्या वर्षी बाजूला सारून दुसरी करायची मुभा आहे. (आजचा कायदा तसा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मूल न होणं हे लग्न रद्द करायला कारण नाही. फसवणूक आहे, संबंध करता न येणं आहे. म्हणजे रोमच्या कायद्याच्या बराच जवळ. पण फुईला कोण सांगणार.)

आणि गांधीजी. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. गर्भनिरोधनाच्या जगप्रसिद्ध प्रचारक बाई आणि महात्मा, दोन दिवस चर्चा. गांधीजी शेवटपर्यंत ठाम: मूल हवं असेल तेव्हाच संबंध, नाहीतर ती वासना. १९०६ साली त्यांनी स्वतः ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. गंमत म्हणजे गर्भनिरोधक नको यावर पोप आणि गांधीजी एकाच बाजूला. पण माझ्या प्रश्नावर दोघं समोरासमोर! गांधीजींच्या हिशोबात मी आणि ती यांनी आयुष्यभर लांब राहायला हवं, कारण मूल कधीच होणार नाही. पोपच्या हिशोबात आमचं जवळ येणं पूर्ण आहे.

तिसरे आपले र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. स्वतः ठरवून मूल होऊ दिलं नाही. कर्व्यांचं म्हणणं सोपं: कामसुख वेगळं, मूल वेगळं, दोन्हीची गाठ मारू नका. डोक्याने मी कर्व्यांचा माणूस आहे. ‘ध्यासपर्व’ पाहिल्यापासूनच. पण फुईला कर्वे देऊन उपयोग नाही. कर्वे म्हणणार, सुखासाठी. आणि सुखासाठी लग्न हे आमच्या ओट्यावर बोलताच येत नाही. ‘सुख’ म्हटलं की फुई उठून जाईल. ‘पवित्र’ म्हटलं तर कदाचित बसेल.

म्हणून मला ते वसईचं उत्तर कामाचं वाटलं. विश्वास बसला म्हणून नाही.

मित्राच्या घरी फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. जानेवारीत वसईला गेलो तेव्हा त्याच्या आईने ते हातात दिलं आणि साराची गोष्ट काढून दिली. अब्राहाम शंभरीला टेकलेला, सारा नव्वदीची. पाहुणे सांगतात की तुला मुलगा होईल, आणि तंबूच्या दाराआड उभी असलेली सारा मनातल्या मनात हसते, की मी अशी जीर्ण झालेली, नवरा म्हातारा, आता मला सुख? मूल होणार यावर ती हसली असं मी नेहमी ऐकलं होतं. पण तिथे ‘सुख’ आहे. त्या आधीची कितीतरी वर्षं ती दोघं मूल नसताना नवराबायकोच होती. गोष्ट शेवटी मुलापाशीच जाते हा भाग मला जरा खटकला. जखऱ्या आणि एलिझाबेथचंही तेच, म्हातारपणी मुलगा. ज्यांना शेवटपर्यंत झालंच नाही त्यांची गोष्ट कोणी लिहीत नाही. मित्राच्या आईला मी हे म्हटलं. ती म्हणाली, "ती तुम्ही दोघं लिहा." आणि इंदेल वाढायला आत गेली.

संक्रांतीला पुन्हा गावी गेलो. या वेळी एकटा. आप्पा शेतात पपईला पाणी देत होते. मायपाशी स्वयंपाकघरात बसलो. ती कळण्याच्या भाकरी थापत होती. मी म्हटलं, माय, तू त्या दिवशी काहीच बोलली नाहीस.

थोडा वेळ नुसता भाकरी थापल्याचा आवाज. मग तिने विचारलं, "पोर चांगली शे ना?"

मी म्हटलं, आहे.

तव्यावरची भाकरी उलटली, कडेने दाबली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पिशवी गयी, मी ते शेच ना."

मला वाटलं ती त्या मुलीबद्दल बोलतेय. मग कळलं की नाही. मग पुन्हा वाटलं, दोघींबद्दल. मी विचारलं नाही. एकोणतीस वर्षांच्या मुलाने आईला काय विचारायचं? ओट्यावरची खाट तिथून दारातून सरळ दिसते. ती मी बघितली आणि तिने मला बघताना बघितलं, एवढंच झालं.

रात्री आप्पांना मी जमेल तसं सांगितलं. कलमं, पोप काही नाही. एवढंच की वसईचा जो पोरगा आला होता ना, त्यांच्यात चौसष्टाव्या वर्षी चर्चमध्ये लग्न लावतात आणि तेही पूर्ण लग्न मानतात. आप्पा म्हणाले, "तो वहीत लिहिणारा? हुशार पोरगा." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, त्या मुलीला आता ताकद कशी आहे, जेवण जातं का, केमोत केस जातात ते परत आले का. मी म्हटलं, कमरेपर्यंत आहेत. ते मान हलवत राहिले.

"तुझ्या फुईला मी सांगतो," शेवटी म्हणाले. "ती येणार नाही लग्नाला. पण सांगतो."

तिला फोन करून हे सगळं सांगितलं. खाटेचं सोडून. ती म्हणाली, मी विचारलं होतं त्याचं उत्तर अजून तू दिलेलं नाहीस, पोपचं सांगितलंस, गांधींचं सांगितलंस, आता फुईचंही सांगतोयस. मी म्हटलं, पूर्ण. ती म्हणाली, या वेळी वेळ घेतलास, बरं वाटलं.

तारीख अजून ठरायची आहे. मायचं म्हणणं, मे महिन्यात नको, तापीकाठी ऊन फार असतं, वसईच्या पाहुण्यांना सोसणार नाही.